मामाच्या मोबाइलमधलं कोठार

बडनेऱ्याला पॅसेंजरमध्ये बसलं की मामा-भाचीचं पहिलं भांडण खिडकीच्या जागेवरून होतं. डिसेंबरातल्या त्या शनिवारी ते झालं नाही, कारण खिडकी मी आधीच धरली होती. म्हणून दुसरं भांडण लवकर सुरू झालं.

मामा म्हणजे माझे मेहुणे. उभी नोकरी कृषी खात्यात गेली. आता अकोल्याला राहतात आणि दर्यापूरकडच्या एका शेतकरी कंपनीला फुकट सल्ला देतात. माझी मुलगी पुण्यात क्लाउडचं काम करते आणि मामाच्या शब्दाखातर त्याच कंपनीचा डेटा सांभाळते, तोही फुकटच. दोन फुकट काम करणारी माणसं एकत्र आली की हक्काची भाषा जरा जास्तच होते.

हा डेटा म्हणजे काय, तेही सांगतो. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, पिकाला देता येईलच असं नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ मध्ये कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, सुरू झाला तेव्हा त्याच्या ५,१४२ गावांपैकी ९३२ गावं या एकट्या पट्ट्यातली होती. कंपनीची पोरं गावोगाव फिरून विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजतात, कपाशीतल्या कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले ते मोजतात, पेरणीची तारीख आणि गट नंबर लिहितात. सगळं मोबाइलवरून क्लाउडवर जातं आणि तिथं त्याचे आलेख होतात. निदान व्हायचे.

“तू ऑगस्टात कुलूप लावलं,” मामा म्हणाले, “आन आमचे पोट्टे आंधळे झाले.”

“कुलूप आधीपासून होतंच, मामा. मी लावली ती फायरवॉल.”

“आमच्यासाठी दोन्ही सारखंच. उघडत नाई म्हंजे नाई.”

“सारखं नाहीये. कुलूप विचारतं, किल्ली आहे का? फायरवॉल त्याच्या आधी विचारते, आलात कुठून? अनोळखी रस्त्यानं आलात तर किल्ली दाखवायलासुद्धा उभं करत नाही.”

“आन आमचा पोट्टा बांधावरून आला तं तो अनोळखी?”

मुलगी क्षणभर गप्प झाली. प्रश्न नेमक्या जागी लागला होता. क्लाउडवरच्या साठ्याला इंटरनेटवर एक पत्ता असतो आणि तो जगातून कुणालाही ठोठावता येतो. त्यावर नेटवर्कचं बंधन घालायचं म्हणजे ठरवायचं की ठोठावणं कोणत्या दिशेनं चालेल. सोपा मार्ग यादीचा: या या आयपी पत्त्यांवरून आलेल्यांनाच घ्या. पण मोबाइलला स्वतःचा असा पत्ता नसतोच. हजारो मोबाइल एकाच पत्त्याआडून बाहेर पडतात आणि तो पत्ताही बदलत राहतो. अंजनगावच्या बांधावरचा पोरगा आणि कुठल्या तरी शहरातला भामटा एकाच कंपनीचं सिम वापरत असतील तर यादीला त्यांच्यातला फरक कळायचा नाही. म्हणून मुलीनं यादीत एकच पत्ता ठेवला, कंपनीच्या दर्यापूरच्या ऑफिसच्या ब्रॉडबँडचा. तो मुद्दाम पैसे भरून कायमचा करून घेतला होता.

त्यातही पहिल्यांदा घोळ झालाच. ऑफिसातल्या पोरानं संगणकावर दिसला तो पत्ता पाठवला, १९२.१६८ नं सुरू होणारा. तसला आकडा घरोघरच्या राउटरमागे असतो. “आमच्या घरी या, मधली खोली” असा पत्ता टपालाला देण्यासारखंच ते.

“मले एक सांग,” मामांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांची पुडी काढली. “बोंडअळीची नुकसानीची पातळी कशी मोजतेत, माहीत हाय?”

“तुम्हीच सांगितलंय. दहा वेळा.”

“अकराव्यांदा आयक. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, आन ते बी सलग तीन रात्री. तिसऱ्या रात्रीनंतर फवारा मारा लागते. पातीत, बोंडात अळी गेली का मंग तिले औषध लागत नाई, आत बसून खाते ते. म्हंजे आमच्यापाशी येळ किती? तीन रात्री. आन तुह्या भिंतीनं आकडा पाह्याले सोमवारची वाट पाहा लागते, काहून का ऑफिस शनिवारी दुपारी बंद!”

मामांच्या या रागामागं एक जुनी जखम आहे. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळ्यांनी हल्ला केला तेव्हा ते खात्यात होते. कुठल्या गावात काय चाललंय ते वर कळेपर्यंत पानांच्या जाळ्या झालेल्या. त्यानंतर राज्यानं क्रॉपसॅप सुरू केलं: ठरलेल्या शेतात माणसं पाठवायची, कीड मोजायची, आकडे वर पाठवायचे, सल्ला खाली द्यायचा. आकडा वेळेवर पोचला की शेत वाचतं हे मामांनी पुस्तकात नाही, चिखलात उभं राहून शिकलेलं. त्यांच्यासमोर ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की त्यांना ‘उशीर’ ऐकू येतं.

“मान्य,” मुलगी म्हणाली. “पण मी भिंत का बांधली ते कुणी विचारलंच नाही. जुलैत तुमच्या ग्रुपवर कुणी तरी एक लिंक टाकली होती. आठवते?”

“हो. ‘सगळी माहिती इथे पाहा.’”

“ती लिंक म्हणजे कोठाराची किल्ली. तिला नाव लागत नव्हतं, पासवर्ड लागत नव्हता. ज्याच्याकडे लिंक, त्याच्याकडे कोठार. नुसती वाचायचीच नाही, पुसायचीही परवानगी होती तिच्यात. आणि मुदत पाच वर्षांची.”

“पाच वर्षं कोन देल्ली?”

“मी.” तिनं खिडकीबाहेर पाहिलं. “दर महिन्याला नवी लिंक मागायला फोन यायचे, कंटाळले होते.”

ती स्वतःला फार बोल लावून घेते असं मला वाटलं, म्हणून मध्ये पडलो. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांकडून हीच चूक झाली होती. त्यांनी गिटहबवर एआयची प्रारूपं वाटायला एक लिंक ठेवली, आणि ती ठरावीक फोल्डरपुरती देण्याऐवजी अख्ख्या साठ्याची दिली. ३८ टेराबाइट उघडं पडलं, त्यात कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या प्रती आणि आपसातले हजारो निरोप. विझ नावाच्या कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते जाहीर केलं. त्या लिंकची मुदत होती २०५१ पर्यंत! आमच्या पोरीनं पाचच वर्षं दिली होती.

“मंग लिंक बदलाची होती,” मामा म्हणाले. “किल्ली हरपली तं मानूस कुलूप बदलते. वाड्याले परकोट बांधत नाई.”

“बदललीच. पण किल्ल्या पुन्हा हरवतात, मामा. दरवेळी हरवतात. २०२४ मध्ये स्नोफ्लेकच्या ग्राहकांचं तेच झालं. आकडेमोडीसाठी डेटा ठेवायची मोठी सेवा आहे ती, जगभरातल्या बड्या कंपन्या तिच्यावर. चोरांनी स्नोफ्लेकचं काही फोडलं नाही. त्यांच्याकडे कधीकाळी चोरलेले पासवर्ड होते, काही तर २०२० चे. ते टाकले आणि आत गेले. सुमारे १६५ कंपन्यांना सावध करावं लागलं. तपासात तीन गोष्टी पुढं आल्या: दुसरा कोड मागितला जात नव्हता, पासवर्ड वर्षानुवर्षं बदलले नव्हते, आणि कुठूनही आत यायला मोकळीक होती. तिसरी गोष्ट एकटी जरी नीट असती, तरी बाकीच्या दोन चुका बऱ्याच पचल्या असत्या. भिंतीचा उपयोग एवढाच असतो. किल्ली सांडली त्या दिवसासाठी ती असते.”

मामा शेंगा फोडत राहिले. कुरूम गेलं.

“परकोट म्हनलं म्हनून सांगतो,” ते म्हणाले. “तुह्या अमरावतीचा परकोट निजामाच्या राज्यात बांधला, पेंढाऱ्याईच्या भेवानं. सावकाराईची पेठ राखाची होती. पन बांधनाऱ्यानं काय केलं? पाच दरवाजे ठेवले आन वरून चार खिडक्या. पटेल खिडकी, माताखिडकी. हत्ती-गाडे दरवाज्यातून. घागर घेऊन बाई खिडकीतून. तू बाईले बी दरवाज्यातूनच ये म्हनतं, आन दरवाजा शनिवारी बंद ठेवतं.”

हे मात्र मला फार आवडलं. माताखिडकीवरून उभा जन्म जातो-येतो, तिथं खिडकी का असावी हे कधी मनात आलं नव्हतं. (अकोल्याच्या माणसानं अमरावतीकराला अमरावती शिकवावी, हे थोडं लागलंही.)

“उपमा चांगली आहे,” मुलगी म्हणाली, “पण एका जागी तुटते. पेंढाऱ्यांनी कोठार लुटलं तर सकाळी ते रिकामं दिसायचं. माझं कोठार लुटलं तर सकाळी भरलेलंच दिसेल. प्रत जाते, माल जागेवर. कळायचं कसं? कोण आलं, कधी आलं याची नोंद ठेवली तरच. जुलैतली ती लिंक किती जणांनी उघडली, मला आजही माहीत नाही, कारण तेव्हा नोंदच चालू नव्हती.”

“आन भिंत घातल्यावर?”

“भिंत घातल्यावर सोमवारी सकाळी सगळे आलेख पांढरे झाले.”

ती आता हसत होती. आलेख काढणारी सेवा, ज्या कारणासाठी हा सगळा डेटा गोळा केला ती, तीच भिंतीबाहेर राहिली होती. यादीत तिचे पत्ते लिहून पाहिले, तरी आत येईना. मग तिला कळलं: साठा आणि सेवा एकाच प्रदेशातल्या डेटा सेंटरमध्ये असतील तर सेवा पुढच्या रस्त्यानं येतच नाही, मागच्या बोळातून, खासगी पत्त्यावरून येते. पुढच्या रस्त्याची यादी तिला लागू नाही. तिच्यासाठी निराळा नियम करायचा, नाहीतर खासगी जोडणी घ्यायची. तिला प्रायव्हेट एंडपॉइंट म्हणतात: साठ्याला आपल्याच बंदिस्त नेटवर्कात एक आतला पत्ता मिळतो, आणि मग रस्त्याकडचं दार चक्क विटांनी बुजवता येतं. अ‍ॅझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डेटा लेकला तर दोन दारं असतात, एक जुन्या पद्धतीच्या फायलींचं, एक फोल्डरवाल्या लेकचं. एकाच दाराला खासगी वाट दिली तर अर्धी कामं चालतात, अर्धी अडतात, आणि माणूस दोन दिवस डोकं खाजवत बसतो.

“मंग आता तं सारं चालते ना?”

“चालतं की. थांबा, दाखवते.”

तिनं लॅपटॉप काढला, मोबाइलचं नेट जोडलं. मामा पुढं झुकले, मीही झुकलो. पडदा थोडा वेळ विचार करत राहिला, मग एक ओळ आली: चारशे तीन. परवानगी नाही.

“तुले बी?” मामांचा आवाज डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला असावा. “ज्यानं भिंत बांधली, त्यालेच कोंडलं बाहेर! वा रे माह्यी माय!”

“व्हीपीएन लावलं नाही अजून,” ती लाल झाली होती. पुण्याच्या तिच्या घरून एक बंदिस्त वाट होती, तिच्यातून गेलं की उघडतं. ती वाट जोडायला लागली आणि मानाच्या अलीकडे रेंज गेली. परत आली, परत गेली. व्हीपीएनचं चाक फिरत राहिलं.

“राहू दे,” मामा म्हणाले. त्यांच्या स्वरात आता माया होती. “तुले आकडेच पाह्याचे ना? माह्यापाशी हायेत.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि तिच्या हातात दिला.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. सत्तेचाळीस माणसं. वर सरकवत जावं तशी दर शनिवारची एक एक्सेल फाइल. तिनं गेल्या शनिवारची उघडली. गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, गट नंबर, विहिरीचा खारेपणा, सापळ्यातले पतंग. बोटानं उजवीकडं सरकवलं. बँकेचं खातं. आणखी सरकवलं. आयएफएससी कोड.

गाडी मूर्तिजापूरला थांबली. चहावाला आला, गेला. इथूनच शकुंतला रेल्वेचे चिमुकले डबे अचलपूरकडे आणि यवतमाळकडे सुटायचे. एरवी मी तो विषय काढल्याशिवाय राहत नाही. आज काढला नाही.

“हे कधीपासून?” तिनं विचारलं.

“तुह्या भिंतीपासून. बाहेरून उघडेना, मंग एक पोरगं शनिवारी सकाळी ऑफिसात जाते, सारं डाउनलोड करते आन टाकते. आपल्या मनानं करते बिचारं. कोनी सांगतलं नाई त्याले. नाव मातर इचारू नोको.”

“नाव नाही विचारत.” ती फाइल मोजत होती. “सतरा.”

मला वाटलं आता ती कायदा सांगेल, आणि तिनं तो सांगितलाच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम, वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. मामांनी ऐकून घेतलं.

“दोनशे पन्नास कोटीत,” ते म्हणाले, “आमची कंपनी, सरकी, ढेप आन मी, सारे इकून जाऊ, तरी बाकी राहीन.” मग एकदम गंभीर झाले. “पन माह्या एका गोष्टीचं उत्तर दे. इहीर त्याची. पानी त्याचं. खारं निंगालं ते नशीब बी त्याचं. त्या इहिरीचा आकडा पाह्याले त्याले पुन्याची परवानगी काहून लागावं?”

मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं २०१५ पासून पुण्यात आहेत, अ‍ॅमेझॉनची २०१६ पासून मुंबईत. दर्यापूरच्या विहिरीचा आकडा त्यांपैकी एका थंडगार खोलीत पडून असतो आणि विहिरीचा धनी त्याला चारशे तीन आहे. मामांचा प्रश्न फक्त आमच्या पोरीला नव्हता. शेतकरी ओळखपत्रं निघताहेत, सातबारा ऑनलाइन झाला, महसूल मंडळागणिक हवामान केंद्रं उभी राहिली. सगळा डेटा कुठं तरी एका कोठारात जातो. ते बंदिस्त असावं, याबद्दल वाद नाही. पण बंदोबस्ताची बैठक होते तेव्हा विहिरीचा धनी खोलीत नसतो, त्यामुळे त्याच्या वाटेची आठवण शेवटी येते, किंवा येतच नाही.

“लागायला नको,” मुलगी म्हणाली. “पण त्यासाठी त्याला कोठारात कशाला जायला हवं? कोठारात कुणीच जायला नको. मी पण नाही. पुढं एक छोटं अ‍ॅप हवं. त्यानं आपला नंबर टाकला, ओटीपी आला, त्याच्याच विहिरीचा आकडा दिसला. अ‍ॅप आतून, खासगी वाटेनं कोठाराला विचारेल. शेतकरी मोबाइलवरून येवो नाहीतर चंद्रावरून येवो, भिंतीला फरक पडत नाही. तो खिडकीशी बोलतोय.”

“हेच तं मी म्हनून राह्यलो! कुरूमपासून!”

“खिडकीलाही पहारा लागतो हं. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेचं झालं ते खिडकीतूनच. भिंत होती, पण पुढं बसवलेलं एक यंत्र चुकीचं लावलेलं. एका बाईनं त्या यंत्रालाच फसवून, त्याच्याच परवानगीनं आतला माल बाहेर काढला. दहा कोटींवर लोकांचा.”

“ते राहू दे. ऑगस्टात खिडकी काहून नाई केली?”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“भिंत घालायला दहा मिनिटं लागतात, मामा. एक पर्याय बदलायचा, चार आकडे लिहायचे, सेव्ह. खिडकी पाडायला महिने लागतात. कुणी तरी अ‍ॅप लिहायला हवं, कुणी तरी चालवायला हवं, खासगी जोडणीचं भाडं तासावर चढतं ते कुणी तरी भरायला हवं. मी भिंत घातली आणि नोकरीच्या कामाला लागले. वाटलं, सुरक्षित झालं.”

“आन हे पतंग?” मामांनी मोबाइलवर बोट टेकवलं. “पतंगाचं काय गुपित हाय? ते तं गावाच्या फळ्यावर लिवा. शेजारच्या गावाले बी कळू द्या.”

“ते खरंय. पण नेटवर्कचा नियम अख्ख्या कोठाराला लागतो, एका कप्प्यापुरता घालता येत नाही. मार्चमध्ये मी पतंग आणि पासबुकं एकाच कोठारात ठेवली. तेव्हा ते सोपं वाटलं.” तिनं वहीत काही तरी लिहिलं. “दोन कोठारं करते. पतंग, पाऊस, गावाची सरासरी एकीकडे, उघडी. नाव, खातं, गट नंबर दुसरीकडे, बंद. हे मी या रविवारीच करते. खिडकीचं मात्र सांगता येत नाही.”

“आन या सतरा फायली?”

“सगळ्यांच्या फोनवरून पुसायला व्हॉट्सअ‍ॅप दोन दिवसांहून थोडी जास्त सवड देतं. त्या पोरालाही आता एकही पुसता येणार नाही. सगळ्या राहणार. सत्तेचाळीस फोनांत.”

काटेपूर्णा गेलं. मामा एकेक फाइल निवडून आपल्या मोबाइलमधून काढत होते. प्रत्येक वेळी मोबाइल विचारायचा, नक्की का, आणि मामा प्रत्येक वेळी चष्म्यावरून भाचीकडे बघायचे. एका फायलीपाशी ते थांबले. ऑक्टोबरातली. तिच्यात एका गावात सलग तीन रात्री नऊ, अकरा, बारा असे पतंग होते. “ही पाहूनच त्या गावात फवारा मारला,” ते म्हणाले. “ऑफिस उघडाची वाट पाह्यली असती तं…” वाक्य पुरं केलं नाही. पुसली.

बोरगाव मंजूपर्यंत सतराही गेल्या. मुलीनं व्हीपीएन जोडलं, या वेळी लागलं. तिनं लॅपटॉप मामांकडं वळवला. आलेख होते, रंगीत, गावागावाचे. मामांनी पाहिले, मान हलवली. कुणी काही बोललं नाही. अकोल्याच्या बाहेरच्या जिनिंगच्या भिंती दिसायला लागल्या, मोकळ्या पटांगणात कापसाचे ढीग.

मामांचा मोबाइल टुणकन वाजला. शनिवार होता.

“उघडू नका,” मुलगी म्हणाली.

“औंदा कपाशीची फरदड घ्याची का नाई, ते सांगाचं हाय त्याईले,” मामा चष्मा शोधत म्हणाले. “सापळे पाह्यतो फक्त.”